साडेचारचं ताट

...अहो, खातो की! मी कधी नाही म्हटलंय? तोच तर माझा रोग आहे! डॉक्टर मॅडम म्हणतात साखर, मी म्हणतो भीड. ह्या भिडेपायी, तुम्हाला सांगतो, चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, एकोणीस वर्षं चाकणला एकाच कंपनीत फोर्कलिफ्ट चालवणारा, टनभर माल रचलेला लाकडी पॅलेट अलगद उचलून रॅकच्या सगळ्यात वरच्या खणात ठेवणारा... त्या माणसाला कंपनीच्या दवाखान्यात स्टुलावर बसवून सांगितलं, "आदिनाथराव, तीन महिन्यांची साखर सात पॉइंट दोन आलीय. पुढच्या तपासणीलाही अशीच राहिली, तर तुम्हाला गाडीवरनं उतरवावं लागेल." उतरवून कुठं? तर पॅकिंगला! खोक्यांना चिकटपट्टी लावायला! एकोणीस वर्षं मी ज्या पोरांना हॉर्न मारून बाजूला करत आलो, त्यांच्याच रांगेत उभा राहून चिकटपट्टी!

बरं, साखर आली कुठून? चहात मी साखर घेत नाही. पेढा दिसला की तोंड फिरवतो. दारूचा वास नाही, तंबाखूचा बार नाही. पण जेवणाचं म्हणाल तर... थांबा, सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर तुम्ही मला खादाड म्हणाल.

आमचं लग्न झालं त्याला अठरा वर्षं झाली. लग्नाची सुट्टी संपली, पहिल्याच दिवशी फर्स्ट शिफ्ट. फर्स्ट शिफ्ट म्हणजे सकाळी साडेसहाला आत, साडेअकराला कँटीनचं जेवण, तीनला बाहेर. तिथनं कंपनीची बस मोशीच्या गर्दीत रखडत, धक्के खात चऱ्होलीत पोचायला साडेचार. दारात पाय ठेवतो तर समोर रोहिणी. नवी नवरी. दोन ताटं मांडलेली, वर झाकणं. मी विचारलं, "तू जेवली नाहीस अजून?" ती खाली बघत म्हणाली, "तुमच्याबरोबरच." आता माझ्या पोटात कँटीनच्या चार चपात्या, बटाट्याचा रस्सा, वरण, भात सगळं जागच्या जागी. पण ती पोरगी साडेचारपर्यंत उपाशी बसलीय, माझ्यासाठी! आता ह्याला नाही म्हणता येतं का? तुम्हीच सांगा! मी म्हटलं, "वाढ, वाढ. कँटीनचं काय खरं नसतं, मी तिकडं चहा-बिस्किटावर भागवतो."

झालं! एक वाक्य बोलून गेलो आणि अठरा वर्षं निस्तरत बसलो. रोज साडेअकराला कँटीनमध्ये जेवण आणि रोज साडेचारला घरी जेवण. सेकंड शिफ्टला कँटीनचं जेवण साडेसातला, आणि घरी कधी पोचायचो ते विचारूच नका, तेव्हाही दोन ताटं तयार. पोट म्हणायचं, अरे बाबा, आधीचा माल अजून उतरलेला नाही! मी म्हणायचो, गप, ती उपाशी आहे.

तर मॅडमनी तीन महिने दिले. एक गोळी दिली, रोज चालायला सांगितलं, आणि म्हणाल्या, "जेवणाच्या वेळा सांभाळा." बास, एवढंच कानावर पडलं आणि अख्ख्या स्टोअर डिपार्टमेंटला माझी साखर चढली! आधी आले दत्तोबा. खेडकडचे, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेले. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "आदिनाथ, आयक माझं. प्वॉट रिकामं ठिवलं की साखर चढती. दर दोन तासाला मूठभर खायाचं. मी तेच करतोय, बघ कसा टणटणीत हाय!" आणि माझ्या खिशात फुटाण्यांची पुडी कोंबली. दुसऱ्या दिवशी परत पुडी! त्यांच्या बायकोनं खास माझ्यासाठी भाजून दिलेली! आता ह्याला नाही म्हणता येतं का? तुम्हीच सांगा!

तोवर आला ओम. क्वालिटीतला पोरगा, दंड असे फुगलेले, मोबाइलमध्ये उपासाचं ॲप. "दादा, फुटाणे फेका आधी! सारखं खाल्लं की बॉडीला आराम कुठं मिळणार? सोळा तास फास्टिंग, आठ तासांत काय ते खायचं. रात्री आठला बंद, दुपारी बाराला चालू. मी तुमच्या फोनमध्ये टाकून देतो." आणि टाकलंच की! आता बघा गंमत, ॲप उघडणार बाराला, आणि आमची जेवणाची सुट्टी साडेअकरा ते बारा. मी ताट घेऊन बसलोय, समोर गरम चपाती, सगळे जेवतायत, आणि मी फोनकडं बघतोय. अकरा छप्पन्न... अकरा अठ्ठावन्न... बारा वाजले, टिंग वाजलं, घास उचलला, आणि भोंगा! सुट्टी संपली! भोंगा वाजत असताना उभ्या उभ्या चार चपात्या कशा गिळल्या ते माझं मला माहीत. परत गाडीवर बसलो तर अशी उचकी लागली की गाडीचे काटे पॅलेटखाली घालायचे ते वरच्या खोक्यांतच घातले. सुपरवायझर लांबून ओरडतोय, "आदिनाथ, काय झालं रे?" काय सांगू? भूक लागली होती म्हणू, का पोट भरलं होतं म्हणू?

पण ओमचं मन मोडायचं नाही आणि दत्तोबांचंही मोडायचं नाही. मग मी तोड काढली. सोळा तास ओमचे. उरलेल्या आठ तासांत दर दोन तासांनी दत्तोबांचे फुटाणे. त्यात कँटीनचं जेवण कंपनीचं आणि साडेचारचं ताट रोहिणीचं! सगळे खूश! महिन्यानं मॅडमकडं वजनकाट्यावर उभा राहिलो. दोन किलो वाढलं होतं.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुम्ही नक्की काय खाता हो?" मी म्हटलं, "साधंच, मॅडम." तर त्यांनी ड्रॉवरमधनं दोन वह्या काढल्या, शंभर पानी, शाळेतल्या. "पंधरा दिवस, तोंडात काहीही गेलं की लिहायचं. किती वाजता, काय, किती. आणि दुसरी वही घरी स्वयंपाक करणाऱ्यांसाठी. त्यांनाही घेऊन या, त्यांचीही साखर बघू." मॅडमसमोर खोटं लिहायची माझी काय टाप! खरंच लिहायचं म्हणून मी वही लॉकरमध्ये ठेवली, घरी नेलीच नाही. रोहिणीच्या हातात पडली तर संसारात आग! आणि रोहिणीची वही कुठं असायची माहितीय? तांदळाच्या डब्यात. मी एकदा पाहिली, म्हटलं असेल काहीतरी बाईमाणसाचं, आपण कशाला बघा.

पंधरा दिवसांनी दोघं गेलो. ती ठेवणीतली साडी नेसून आली होती, तुम्हाला सांगतो, लग्नाला निघाल्यासारखी! तिच्या बोटातनं रक्त काढलं. मॅडम रिपोर्ट बघून म्हणाल्या, "ह्यांचीही काठावर आहे." माझी चढली तर चिकटपट्टी लावीन, पण हिची? ही बाई दिवसभर पायावर उभी, हिची कशानं चढली?

मॅडमनी माझी वही उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागल्या. मोठ्यानं! "साडेअकरा, कँटीन. चार चपात्या, बटाट्याचा रस्सा, वरण, भात. साडेचार, घरी. दोन भाकरी, पिठलं, भात..." रोहिणीची मान सावकाश माझ्याकडं वळली. "तुम्ही कंपनीत जेवता?" मी छताकडं बघितलं. पंखा चांगला होता. "अहो, मी विचारतेय, रोज जेवता? चार-चार चपात्या?" मी म्हटलं, "तू उपाशी राहायचीस ना माझ्यासाठी... मग म्हटलं, कसं सांगायचं..."

तेवढ्यात मॅडमनी दुसरी वही उघडली. रोहिणी म्हणाली, "ती राहू द्या ना, मॅडम." मॅडम कशाला राहू देतायत! "दुपारी एक. सासूबाईंबरोबर. दोन भाकरी, आमटी, भात. साडेचार. ह्यांच्याबरोबर. एक भाकरी, पिठलं, थोडा भात..."

आता माझी मान वळली. सावकाश.

"तू दुपारी एकला जेवतेस?"

"मग? तुमच्या आईंनी पहिल्याच दिवशी बळंबळं बसवलं जेवायला. म्हणाल्या, नव्या पोरीला उपाशी ठेवायची रीत न्हाई आमच्यात. आणि तुम्ही आलात कंपनीतनं दमून, चेहरा एवढासा झालेला. म्हटलं, दिवसभर चहा-बिस्किटावर असलेला माणूस, ह्याला एकट्याला कसं जेवू द्यायचं? समोर कुणी बसलं की चार घास जास्त जातात."

चार घास जास्त जातात! अहो, गेले ना! अठरा वर्षं गेले! मी भरल्या पोटी जेवत होतो ती उपाशी आहे म्हणून, आणि ती भरल्या पोटी जेवत होती मी उपाशी आहे म्हणून! सेकंड शिफ्टलाही तेच, ती आधी आमच्या पोरांबरोबर एकदा, मग माझ्याबरोबर एकदा! आणि दोघंही एकमेकांना आग्रह करत होतो हो! "अजून अर्धी घ्या." "तू पण घे की!"

मॅडमनी वह्या मिटल्या, आणि ती शहाणी बाई आम्हाला हसली नाही. म्हणाल्या, "हे बघा, शरीरालाही शिफ्ट असते. दिवसा सगळी मशिनं चालू, दिवस मावळला की एकेक मंद होत जातं. तुम्ही आधीचा माल संपायच्या आत दुसरा टाकताय, वर मंद झालेल्या मशिनवरही टाकताय. दोनदा खा नाहीतर तीनदा खा, ते तुमच्या प्रकृतीला बघून ठरवू. पण वेळ ठरलेली, मधे फुटाणे नाहीत, रात्री उशिरा ताट नाही. आणि साडेचारचं जेवण आजपासून बंद."

बंद म्हटल्यावर, खरं सांगतो, मला आनंद व्हायला हवा होता. पण मला रडू आलं. तिथंच, दवाखान्यात. आमच्या कंपनीत लातूर-बीडकडची कितीतरी माणसं आहेत, शिफ्ट सुटली की खोलीवर जातात, कुलूप काढतात, भिंतीकडं तोंड करून डबा खातात. कुणी विचारायला नाही, जेवलास का म्हणून. आणि माझ्यासाठी एक बाई अठरा वर्षं, पोटात जागा नसताना, समोर बसून जेवली. स्वतःची साखर काठावर नेली, पण मला एकट्याला बसू दिलं नाही. कसे फेडायचे हे उपकार? कुठल्या जन्मी?

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आमची आई, सोजरबाई, वाती वळत होती. वर न बघता म्हणाली, "मला ठावं हाय की. रोज बघती."

"अगं मग अठरा वर्षांत बोललीस का नाहीस?"

"तुजं कँटीनचं मला काय ठावं? पर हिचं ठावं व्हतं. नवरा-बायकू समोरासमोर बसून जेवत्यात, मधी कशाला बोलू? तुजा बा जल्मभर पुरुषांच्या पंगतीत जेवला आन् मी चुलीम्होरं. माज्यासमोर कुनी बसलं न्हाई कधी." आणि परत वात वळायला लागली.

त्याच दिवसापासून ठरलं. फर्स्ट शिफ्टला रात्रीचं जेवण संध्याकाळी सातच्या आत, सगळ्यांनी मिळून, आणि आईचं ताट मधोमध. सेकंडला कँटीनचं ते शेवटचं, घरी आलो की पाणी पिऊन झोप. दत्तोबांना हात जोडले, फुटाणे परत केले, म्हटलं वहिनींना सांगा, त्यांच्या हातची चव विसरणार नाही. ओमचं ॲप त्याच्यासमोर काढून टाकलं. रागावला नाही पोरगा. उलट वाटेत भेटला की विचारतो, "दादा, आज चाललात का?"

आणि परवा रिपोर्ट आला. माझी सहा पॉइंट तीन! रोहिणीची काठावरनं खाली! मॅडमनी माझ्या कागदावर सही ठोकली, "गाडी चालवण्यास योग्य." मी खाली आलो, फोर्कलिफ्टवर बसलो, आणि उगाच, काही गरज नसताना, एक लांब हॉर्न मारला. पॅकिंगची सगळी पोरं टाळ्या वाजवायला लागली.

आता राहिला साडेचारचा प्रश्न. साडेचारला मी घरी येतो. ती जेवलेली, मी जेवलेलो, दोघांनाही ते माहीत. ताट नाही. पण इतक्या वर्षांची सवय, दोघंही आपापल्या जागेवर येऊन बसतो! समोरासमोर, मोकळ्या हातांनी! मग करायचं काय? म्हटलं, बोलू या. इतक्या वर्षांचं साठलेलं. मग मी तिला सांगतो, कँटीनचं सांगतो, मोशीच्या गर्दीचं सांगतो, सुपरवायझरची नक्कल करतो, भोंग्याची गोष्ट परत सांगतो... अगदी आत्ता तुम्हाला सांगितलं ना, असंच, दम न घेता. ती ऐकते बिचारी. दीड महिना ऐकलं. काल मात्र उठली, आत गेली, एक ताट आणलं, माझ्यापुढं ठेवलं. ताटात काकडीच्या फोडी. मी म्हटलं, "अगं, मॅडमनी बंद केलंय ना?" तर म्हणाली, "मॅडमना मी विचारते, काकडी चालेल का म्हणून. पण तुम्ही खा. तोंडात घास असला की तेवढा वेळ तरी गप्प असायचात."

आता ह्याला नाही म्हणता येतं का? तुम्हीच सांगा!