कपाशीतला रिकामा कोपरा

लढाऊ विमानांचा सराव कुठून बघावा, हे मला विचारा. असोद्याला आमची शेतं लागून आहेत, धाकट्या भावाची केळी आणि माझी कपाशी. आभाळात विमानं एकमेकांच्या मागे लागली, की हा केळीतून धावत माझ्या शेतात यायचा आणि मान वर करून कपाशी तुडवायचा.

मी ओरडायचो, "अरे, तुझ्या बागेतून बघ ना!"

"भाऊ, केयीतून आभाय दिसतं का?"

गेल्या वर्षी तो गेला. यंदा लागवडीच्या वेळी सालदाराने विचारलं, "नाना, हा कोपरा काबरं सोडला?"

"धाकट्याला विमानं बघायला."

काल विमानं आली. मी त्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. वर पाहिलंच नाही, केळीकडे बघत राहिलो.