आबांनी लावलेला शेवट

तुमी खुशाल हसा गड्यांनो, पण आमच्या आबांसारखा सिनेमा सांगणारा मानूस आख्ख्या तालुक्यात न्हाई. फौजेत असताना छावनीत त्यांनी एक इंग्रजी सिनेमा बघितलावता. कादंबरीवरनं काढलेला, खुनाचा आन् प्रेमाचा. सुट्टीवर आले की आईला तोच सांगायचे. खुनी सापडतो, हिरो-हिरोईनचं लगीन हुतं आन् दोघं जोडीनं म्हसवडला सिद्धनाथाच्या पाया पडून येत्यात. आई दर बारीला डोळं पुसायची.

परवा तोच सिनेमा मला मोबाईलवर घावला. टीव्हीला जोडला आन् आईला मराठीत समजावत बसलो. आबांची चुळबुळ सुरू. "ते जुनाट काय लावलंस रं?"

शेवटाला खुनी सापडला खरा, पण हिरो एकटाच बोटीत बसून गेला. हिरोईन धक्क्यावर रडत उभी. सिनेमा संपला.

आई आबांकडं वळली. "आवं, मग म्हसवडला कवा गेली ही?"

आबांची मान खाली. "शेवट मी बघितलाच न्हाई. मधनंच ड्युटीवर बोलावलं. तू इचारलंस पुढं काय झालं, तवा लगीन झाल्यावर आपन जिथं गेलतो, तिथंच त्यास्नी धाडलं."

मला वाटलं, आता भडका उडतोय. आईनं रिमोट घेऊन टीव्ही बंद केला आन् ताठ मानेनं मला म्हणाली, "एवढा पैसा घालून बी त्या अमेरिकावाल्यास्नी शेवट जमला न्हाई. आमच्या सुभेदारांनी बघ कसा नीट लावला!"

मग आबांकडं बघून म्हणाली, "आवं, तुमी सांगा. पैल्यापासनं."