पडदा वाचणारा

राहुरीच्या एसटीत माझ्या मागच्या बाकावर एक अंध तरुण आणि त्याच्या गावच्या विमलबाई बोलत होते.

“आज उशीर केलास रं.”

“हापिसातला कॉम्प्युटर चालू होईना, मावशी. फ्लॉपीवरनं सुरू हो, आसं त्याला आधी सांगावं लागतं. मी सांगितलं, झाला चालू.”

“तुझ्याशी बोलतो म्हन की त्यो.”

“चालू झाल्यावर पडद्यावरचं वाचून बोलतो. त्याच्या आधी मुकाच. म्हनून शेजारच्या टेबलावरच्या पंकजला नुसता पडदा वाचायला लावला, बटनं मी दाबली.”

“सायब खूश झाला आसंल.”

“लई. पंकजची पाठ थोपटली. म्हनला, आता यांना एसटीत बसवून ये.”

“आन पंकज?”

“आला की स्टँडपर्यंत. उद्या परत बंद पडला तर काय दाबायचं, ते वाटंत इचारत हुता.”