निरोपाचा उरलेला तुकडा

(दौंड, २००५. धरणातून पाणी सोडण्याचे निरोप ज्या कचेरीत येतात, तिच्याबाहेरची चहाची टपरी.)

मल्हार : पर वडगावच्या ग्रामपंचायतीला फोन तूच केलतास ना, मोनिका?

मोनिका : मीच केला, मामा.

मल्हार : मंग संपतला नदीत उतरू नको म्हणून सांगावा व्हता का न्हवता? रिपोर्टात लिवलंय, सूचना देऊनबी उतरला आन् वाहून गेला. गावबी म्हणतंय, माझ्या भावाला पाण्याच्या मोटारीचा मोह नडला.

मोनिका : स्क्रीनवर होतं तेवढंच मी वाचलं. 'नदीकाठच्या शेतकऱ्यांनी आपापल्या मोटारी काढून घ्याव्यात.'

मल्हार : म्हंजी काढायलाच सांगितलं?

मोनिका : हो. 'दुपारनंतर कोणीही पात्रात उतरू नये', हे पुढचं आलंच नाही.

मल्हार : आलं न्हाई? मंग गेलं कुठं?

मोनिका : धरणावरनं निरोप फोनच्या तारेनं आमच्या कॉम्प्युटरवर येतो. आमचा प्रोग्रॅम एका वेळी ठरावीक अक्षरंच घेतो. तेवढी भरली की निरोप संपला असं धरतो. वर साहेबांचं नाव, हुद्दा, विषय, संदर्भ... निम्मी जागा त्यातच गेली.

मल्हार : आन् तुटल्यालं तुला दिसलं न्हाई?

मोनिका : वाक्य मधेच तुटलं असतं तर दिसलं असतं. नेमकं पूर्णविरामाशी तुटलं, मामा. उरलेला तुकडा आतच पडून राहिला. दुसऱ्या दिवशी भलताच निरोप आला, त्याच्या डोक्याला चिकटून बाहेर पडला.

मल्हार : दुसऱ्या दिवशी आमी त्याला हितल्या पुलापत्तर हुडकत व्हतो.

मोनिका : तो तुकडा वाचला, तेव्हाच मला कळलं.

मल्हार : मंग साहेबाला सांग की हे. रिपोर्ट बदला म्हणावं.

मोनिका : सांगितलं. पुण्याहून प्रोग्रॅमवाला आला. त्यानं नुसतं 'नमस्कार' पाठवून बघितलं. ते पूर्ण आलं. सगळं ठीक आहे म्हणून सही करून गेला. तो तुकडा साहेबांनी मला पुसायला लावला. धरणावरच्या कॉम्प्युटरवर तर 'पोचला' एवढंच दिसतं.

मल्हार : आन् आता?

मोनिका : आताही तसंच चाललंय. निरोप थोडक्यात लिहा म्हणून वरून आदेश आला. तोही अर्धाच.

मल्हार : हसावं का रडावं गं.

मोनिका : मी वडगावला येते, मामा. संपतमामानं सांगितलं तसंच केलं, एवढं तरी अनसामामीला सांगते.

मल्हार : नको, पोरी. ऐकलं न्हाई म्हणून सकाळी उठून त्याला शिव्या घालती, आन् मंग कामाला जाती. तेवढ्यावरच चाललंय तिचं.