पंखा बंद होईपर्यंत

ड्रायव्हर : सेन्सर बदललास, वायर बदललीस, परवा ते कसलं झाकण काढून घासलंस. आणि काल चढावर पुन्हा तेच! पिवळा दिवा लागला आणि गाडीनं मान टाकली. शेजारून सायकलवाला पुढे गेला. सायकलवाला! एकतीस वर्षं बस चालवली मी, पण एवढी शोभा कधी झाली नाही.

मेकॅनिक : काका, जरा सरका. लॅपटॉपची वायर तुमच्या पायाखाली आहे.

ड्रायव्हर : तुझे वडील वायर नाही लावायचे. बॉनेटवर कान टेकवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, अमुक बिघडलंय. तेच निघायचं.

मेकॅनिक : बाबांच्या वेळची इंजिनं कानात सांगायची. हल्लीची लिहून देतात. वाचायला वेळ लागतो एवढंच. काकू, तुम्ही त्या बाकावर बसा ना, टायरवर कशाला?

बायको : टायरच बरा. बाकावर बसले की वाटतं, आता मुक्कामच इथे. महिन्यातली तिसरी खेप आहे ही. तुझ्या गॅरेजमध्ये किती पाने टांगलेत ते मला पाठ झालंय.

ड्रायव्हर : ऐक, माझं मत सांगतो. आजकालच्या डिझेल इंजिनात दमच नाही. सगळं नाजूक. जरा काही झालं की दिवा, जरा काही झालं की रुसवा. आमच्या डेपोतलं इंजिन दहा लाख किलोमीटर चालायचं. वर छतावर सामान, आत माणसं कोंबलेली, खाली खड्डे. हूं नाही की चूं नाही.

मेकॅनिक : आणि मागे काळा धूर.

ड्रायव्हर : धूर यायचाच! डिझेल आहे ते, अत्तर नाही.

मेकॅनिक : काका, तुमचं इंजिन ठणठणीत आहे. तेच तर मला कळत नाहीये.

बायको : ठणठणीत आहे तर मी अजून ताईकडे पोचले का नाही? दोन रविवार झाले. एकदा पुलावरून परत आलो, काल चढावरून. तीन तासांचा रस्ता, आणि आम्ही आपले पाऊण तासात घरी.

मेकॅनिक : ताई म्हणजे तुमची मोठी बहीण? त्या आजारी आहेत म्हणाला होतात.

बायको : आजारी नाही गं. विसरतेय. महिन्यापूर्वी फोनवर माझी सगळी लहानपणची भांडणं काढून बसली होती. परवा म्हणाली, "आवाज ओळखीचा वाटतो, कोण बोलतंय?" अजून आवाज तरी ओळखीचा वाटतोय. पुढच्या महिन्यात तेवढंही राहील का, कोण जाणे. आणि मी इथे टायरवर बसलेय. मी यांना म्हटलं, मी आपली बसनं...

ड्रायव्हर : झालं, ते कशाला आता इथे? गाडी होईल आज. तू बघ गं पोरी, काय लिहून दिलंय तुझ्या पेटीनं.

मेकॅनिक : तेच पुन्हा. एकच ओळ आहे. पण ती मला खोटी वाटते, म्हणून तर मी सेन्सर बदलला होता. नवा सेन्सरही तेच म्हणतोय. काका, मला एक सांगा. तुम्ही गाडी चालवता कशी?

ड्रायव्हर : कशी म्हणजे? हे मला विचारतेस?

मेकॅनिक : चिडू नका. सकाळपासून सांगा.

ड्रायव्हर : सकाळी उठलो की आधी दहा मिनिटं सुरू करून ठेवतो. गरम होऊ देतो. मग दूध, भाजी, दवाखाना, घर.

बायको : दुधाचं दुकान कोपऱ्यावर आहे. मी चालत निघाले तर यांची गाडी गरम होईपर्यंत दूध उकळूनही होतं.

मेकॅनिक : आणि लांब कुठे?

ड्रायव्हर : लांब जायला निघालो तर ही अशी मान टाकते! जाणार कुठे?

मेकॅनिक : बरं. तुम्ही सिग्नलला उभे असताना कधी इंजिनचा आवाज आपोआप चढतो का? मोठा पंखा लागतो?

ड्रायव्हर : आता बोललीस! लागतो ना. घोंगावतो अगदी. आणि मागून जळका वास. तेच मी घरी दीड वर्ष सांगतोय, गाडी तापते. पण मी काही कच्चा नाही. पंखा ऐकला रे ऐकला की गाडी कडेला आणि किल्ली बंद. एक सेकंद घालवत नाही.

मेकॅनिक : दर वेळी?

ड्रायव्हर : दर वेळी! डेपोत मला मानाचं पदक मिळालंय. एकतीस वर्षांत एकही इंजिन जाळलं नाही म्हणून. साहेबांनी स्वतः छातीला लावलं. तापलं की बंद करायचं, गार होऊ द्यायचं, मग पुढे जायचं. हा एक नियम पाळला की इंजिन मरत नाही.

मेकॅनिक : आणि बंद केल्यावर पंखा?

ड्रायव्हर : फिरत राहतो थोडा वेळ. वेडा झाल्यासारखा.

मेकॅनिक : अरे देवा.

ड्रायव्हर : काय झालं?

मेकॅनिक : तेलाची काठी बघता का तुम्ही?

ड्रायव्हर : रोज. आणि या एका बाबतीत मी तिला शंभर मार्क देतो. ही गाडी तेल खात नाही. थेंबभर नाही. उलट वरच्या खुणेच्याही वर गेलंय!

मेकॅनिक : काका... इंजिनातलं तेल वाढतं कधी? ही घ्या काठी. वास घ्या.

ड्रायव्हर : डिझेलचा वास येतोय.

मेकॅनिक : ऐका आता. मधे बोलू नका. या गाडीच्या धुराच्या नळीत एक गाळणी असते. काजळी बाहेर लोकांच्या नाकात जाऊ नये म्हणून ती आत अडवते. गाळणी भरत आली की गाडी स्वतःच ती साफ करायला घेते. जास्तीचं डिझेल सोडते, नळी लालबुंद तापवते आणि काजळी जाळून टाकते. वीस-पंचवीस मिनिटांचं काम. तेव्हा आवाज चढतो, पंखा लागतो, वास येतो. ती तापत नव्हती, काका. आंघोळ करत होती. आणि तुम्ही दर वेळी साबण लावलेला असताना नळ बंद केलात.

बायको : हो का!

मेकॅनिक : आणि जाळायला सोडलेलं डिझेल जळायच्या आत तुम्ही किल्ली फिरवली, म्हणून ते उतरलं खाली. तेलात. तुमचे शंभर मार्क ते हेच.

ड्रायव्हर : पण काजळी साचली म्हणून ताकद का जाते?

मेकॅनिक : श्वास कोंडतो म्हणून. मग गाडी जीव वाचवायला हळू होते. तुमचा सायकलवाला तेवढ्यात पुढे जातो.

ड्रायव्हर : हे मला कोणी सांगितलं नाही. विकणाऱ्यानं सीट गरम कशी होते ते दाखवलं, गाणी कशी लावायची ते दाखवलं. हे नाही सांगितलं.

मेकॅनिक : ती चूक त्याची. कोपऱ्यावरच्या दुधाला ही गाडी त्यानं तुम्हाला द्यायलाच नको होती. आणि माझीही चूक आहे. ही ओळ मला पहिल्या दिवसापासून दिसत होती : "सफाई अर्धवट थांबवली, सत्तेचाळीस वेळा." मी म्हटलं, सेन्सर खोटं बोलतोय. एवढ्या वेळा कोण बंद करेल? चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. यंत्राला सगळं विचारलं, माणसाला काहीच विचारलं नाही. बाबांनी आधी तुम्हाला विचारलं असतं.

बायको : सत्तेचाळीस! बरं झालं, घरात असं यंत्र नाही.

ड्रायव्हर : आता तू सुरू होऊ नकोस.

बायको : बघ, अठ्ठेचाळीस.

ड्रायव्हर : अगं, लोकांसमोर...

बायको : ही लोकं नाही, मेकॅनिक आहे. आणि आज मला राग आलाय, तो मी घरी नेऊन काय लोणचं घालू? तीन आठवडे मी म्हणतेय, मी बसनं जाते, मी एकटी जाते. "मी" म्हटलं की यांची किल्ली फिरली. "बस? मी एवढी वर्षं पुढे बसलो, आता मागे बसू?" अहो, तुम्हाला कोण बसायला सांगतंय? माझं वाक्य पुरं तर होऊ द्या! मुलगा नोकरीचं काही सांगायला लागला, बंद. सूनबाई बोलायला लागली, "नंतर बघू," बंद. आणि वर ऐट, आमच्या घरात कधी भांडण होत नाही म्हणून. होईल कुठून? कोणी तापायच्या आतच हे गाडी कडेला लावतात.

ड्रायव्हर : भांडण नको असतं मला. एवढंच.

बायको : माहीत आहे. तुमच्या मनात वाईट नसतं. पण ताई मला विसरायला लागलीय, आणि मी हे तुम्हाला धड एकदा सांगू शकलेले नाही.

मेकॅनिक : काकू... पाणी देऊ?

बायको : नको. तू तेल बदल.

ड्रायव्हर : होईल का गं नीट? की गेली आता?

मेकॅनिक : होईल. तेल नवं घालते. मशीन लावून निम्मी काजळी इथेच जाळते. उरलेली उद्या रस्त्यावर जळू दे. मोठा रस्ता घ्या, एकसारखा वेग ठेवा. पंखा लागेल, वास येईल, आवाज चढेल. तुमचा हात किल्लीकडे जाईल. जाऊ देऊ नका. आणि यापुढे दुधाला चालत जा.

ड्रायव्हर : ही चालवायची तरी का मग? कान आहेत, तर कानावर विश्वास नाही ठेवायचा!

मेकॅनिक : कान बरोबर आहेत, काका. पंखा लागला हे तुम्हाला दर वेळी कळलं. तो का लागला, तेवढं चुकलं.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. मोठा रस्ता, गाडीत दोघंच.)

बायको : पूल गेला.

ड्रायव्हर : दिसला मला.

बायको : चढही गेला. सायकलवाला दिसतोय का कुठे?

ड्रायव्हर : कर थट्टा. काल रात्री... नाही, जाऊ दे.

बायको : बोला की. मी नाही बंद करत.

ड्रायव्हर : ते पदक काढून बघत होतो. वाटलं, नुसतं नशीब होतं. जुनी इंजिनंच गरीब होती, काहीही केलं तरी सोसत राहायची.

बायको : हं. सोसणारी असतात काही.

ड्रायव्हर : लागला. ऐकलास? पंखा. आवाज चढला बघ. वासही येतोय.

बायको : हात स्टिअरिंगवर ठेवा.

ड्रायव्हर : स्टिअरिंगवरच आहे. घाम फुटलाय मला. एवढा आवाज आणि मी नुसता चालवत राहायचं? पुढे ढाबा दिसतोय, दोन मिनिटं थांबून...

बायको : अजिबात नाही.

ड्रायव्हर : बरं.

बायको : तुम्हाला थांबता येत नाही तोवरच सांगून टाकते. मी आज तुमच्याबरोबर परत येणार नाहीये. पिशवीत महिन्याभराचे कपडे आहेत. तिकडेच राहणार, ताई मला ओळखतेय तोवर. आणि ओळखेनाशी झाली तरी थोडे दिवस राहीन म्हणते. तिनं मला वाढवलंय. सकाळी उठून घरात अनोळखी बाई दिसली तर ती घाबरेल. मला तिच्या सवयीचं व्हायचंय.

ड्रायव्हर : महिनाभर!

बायको : तापलात?

ड्रायव्हर : तापलोय.

बायको : मग?

ड्रायव्हर : मग काही नाही. वीस मिनिटं आहेत अजून. बोल पुढे.