आईची कोरफड

कुंडीत कोणीतरी पाणी ओतते, असं मी महिनाभर घसा फोडून सांगत होती, पण घरात एकानंही मानलं नाही. ती कोरफड माझ्या माहेरची, रामपायली गावातल्या आईच्या अंगणातली. आई गेली, घर विकलं, मले तेवढीच राह्यली. पानं मऊ पडून लोंबायले लागली, तशी मी ती उपटली, सडलेली मुळं कापली, सावलीत सुकवली आन् कोरड्या रेतीत लावली. पाण्याचा थेंब दिला नाही. तरी कुंडी ओलीच!

मोठी जाऊ म्हणे, "अवो, तुले भास होऊन राह्यला."

एक दिवस सकाळीच कपडे वाळत घालायले मागच्या दारी गेली. नवरा आंघोळ करून सूर्याले पाणी देत होता, अन् लोट्याची धार थेट कुंडीत!

"इथं काहून ओतता?"

"खाली सांडलं तर कोणाचा पाय पडते न! देवाचं पाणी आहे, झाडाले चांगलंच."

मी कोरफडीले हात लावला, तर बुडातून गळून हातातच आली. एक मूळ जिवंत नव्हतं.

लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव मी कधी तोंडातून काढलं नव्हतं. त्या दिवशी साऱ्या मोहल्ल्यानं ऐकलं, "भाऊलाल!"