एका इंटरनेटची दोन खाती

अरे, खात्या-खात्यातलं भांडण कसं मिटते ते मले विचारा! उंद्रीले आमचं कृषी कार्यालय अन् शेजारचा जनावरांचा दवाखाना, दोघांत मिळून एकच इंटरनेट. बिल कोणत्या खात्यानं भरायचं, यावर वर्षभर पत्रापत्री चालली. शेवटी कंपनीनं कनेक्शनच तोडलं. इकडं अनुदानाच्या अर्जांचा शेवटचा दिवस, शेतकरी दारात बसलेले. अन् जिल्ह्याच्या साहेबांनी बिलाच्या निकालासाठी बैठक ठेवली, तीही ऑनलाइन!

मी दवाखान्यात शेख डॉक्टरांकडं पळालो. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, आता कसं करायचं?"

"माह्या मोबाईलचं नेट घ्या," ते म्हणाले, "पण पहिले शेतकऱ्यांचे अर्ज भरा."

बाकावर खेटून बसलो अन् सगळे अर्ज भरले. मग डॉक्टर म्हणाले, "बिल एक महिना तुम्ही भरा, एक महिना आम्ही. जमते का?"

"हाव, जमते की!"

तेवढ्यात बैठक सुरू झाली अन् साहेब मोबाईलवर दिसले. आम्ही त्यायले ठरलेलं सांगितलं.

साहेब चिडले, "शेजारी बसता, मग वर्षभर एकमेकांशी बोलले काऊन नाही?"

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "साहेब, बोला म्हणून वरून पत्रच आलं नाही."